कंट्रोलर तापतो, नवं द्रव्य लावू का?

प्रश्न : अशोक चौकाजवळ आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागावर नक्षी विणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डचा कंट्रोलर मे महिन्यात दुपारी हटकून बंद पडतो. तांब्याच्या तिप्पट उष्णता वाहून नेणारं नवं द्रव्य निघालंय असं वाचलं. ते मिळेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, बाजारात तरी अजून नाही. तुम्ही वाचलंत ते बहुधा बोरॉन आर्सेनाइड. 2013 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गणितानं त्याचं भाकीत केलं, 2018 मध्ये तिथल्याच तीन गटांनी स्फटिक बनवून ते खरं ठरवलं. तांब्याची उष्णतावाहकता 400च्या आसपास (वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात), याची 1000च्या पुढे. यातली गंमत अशी की बोरॉनचा अणू हलका आणि आर्सेनिकचा जड, त्यामुळे उष्णता नेणारी अणूंची कंपनं एकमेकांना फारशी अडवत नाहीत. पण स्फटिक वाढवायला आठवडे जातात, निघतो मिलिमीटरभर, आणि जरा अशुद्धी राहिली की गुण उतरतो.

समजा, मिळालं. तरी तुमच्या पेटीत उष्णता अडते ती धातूत नाहीच. चिपची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, अॅल्युमिनियमचा असतो; त्याची वाहकता 200च्या वर आहे. त्याच्या आणि चिपच्या मधली फट भरणारी पेस्ट पाच-सहाची, आणि ती वाळून भेगाळली की फटीतली हवा 0.026! नवी पेठेतला रस्ता रुंद केला तरी बोळाच्या तोंडाशी रिक्षा अडणारच. त्यात आपल्याकडची सुताची लव. मी उघडलेल्या कंट्रोलरांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये अख्खी गादी भरलेली असते.

वीज बंद करून ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून. नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी अगदी पातळ लावा. जास्त लावली तर जास्त थंड, हा समज सोडा. कुणी पेस्टऐवजी ‘लिक्विड मेटल’ (द्रवरूप धातू) सुचवलं तर नको म्हणा, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम पोखरतं.

आणि शेडमध्ये 42 अंश असतील, तर कुठलंही द्रव्य नुसत्या वहनानं चिप त्याच्या खाली आणू शकत नाही. पेटी पत्र्याखालून, पश्चिमेच्या भिंतीवरून हलवा. हवा आत घेणाऱ्या जाळीला फिल्टर लावा आणि तो दर आठवड्याला झटका.

एवढं करूनही बंद पडला, तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं दिसलं की बदलायचे, 105 अंश तापमान सोसणारेच घ्या.