सेल संपला, डिस्क हरवली

या महिन्यात फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल आलेल्या पत्रांतली चार घेतली आहेत. नेहमीप्रमाणे आज्ञा उच्चाराबरहुकूम देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे. टिंब, तिरकी रेघ, उणे चिन्ह जसंच्या तसं.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. चिपळूणला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे खिळे-बिजागऱ्यांचं. हिशेबाच्या फायली ठेवायला भाच्याने एका जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी टाकून दिलंय. आत दोन डिस्क आहेत. एकीवर सिस्टीम आणि फायली, दुसरीवर रोज रात्री त्यांची नक्कल उतरते. २०२१च्या जुलैतल्या पुरात आधीचं मशीन गेलं, तेव्हापासून हे माळ्यावर असतं. यंदा विजांच्या भीतीने दोन महिने प्लगच काढून ठेवला होता. आता सुरू केलं तर पांढरी अक्षरं धावतात आणि शेवटी ‘माउंटरूट’ असं लिहून गाडी थांबते. भाचा पुण्याला असतो. तो म्हणतो, डिस्क गेली असणार, नवी आणून ठेवा, सवडीने येऊन पुन्हा बसवून देतो. आणू का?
ता. क. सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम’ असं काहीतरी येतं आणि एफ१ दाबायला सांगतं. मी दाबतो.

उत्तर : डिस्क आणू नका. रोगाचं नाव तुम्ही ता. क. मध्ये लिहिलंय, आणि एफ१ दाबून रोज पुसून टाकताय.

आधी एक दिलासा. ‘माउंटरूट’ हा शब्द छापणारा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, स्वतः कुठून आला? त्याच डिस्कवरून. बायोसने (यंत्र सुरू होताच आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा कार्यक्रम) डिस्क पाहिली, तिच्यावरचा लोडर उचलला, लोडरने कर्नल उचलला, आणि मग कर्नलने विचारलं की मूळ फाइल सिस्टीम कुठे आहे. म्हणजे डिस्क फिरतेय आणि वाचलीही जातेय. मेलेली डिस्क इथपर्यंत येऊच देत नाही. भाच्याला माझा नमस्कार सांगा, पण निदान घाईचं आहे.

आता ता. क. कडे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा जाड दिसणारा एक चपटा सेल असतो. त्याच्यावर बहुतेक वेळा ‘सीआर २०३२’ लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. जुन्या बोर्डांत बायोसच्या सेटिंग्जही त्याच्याच जिवावर टिकतात, आणि त्या जिथे राहतात त्या जागेलाच ‘सीमॉस’ म्हणतात. गंमत अशी की प्लग लावलेला असेल तर यंत्र बंद असलं तरी पॉवर सप्लायमधून थोडी वीज येत राहते आणि सेलवर भार पडत नाही. तुम्ही दोन महिने प्लग काढलात. सेल आधीच म्हातारा होता, तेवढ्यात संपला. तारीख गेली, सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा झाल्या.

त्या सेटिंग्जमध्ये साटा पोर्टची, म्हणजे डिस्कची केबल लागते त्या खाचेची, एक असते : डिस्कशी ‘आयडीई’ पद्धतीने बोलायचं की ‘एएचसीआय’. ती बदलली की डिस्क सापडण्याचा क्रम बदलू शकतो. फ्रीबीएसडी डिस्कना सापडतील तसे आकडे देतं, पहिली ‘एडीए०’, दुसरी ‘एडीए१’. भाच्याने बसवताना सिस्टीमची डिस्क शून्य होती, ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फायलीत तशीच नोंद झाली. आज क्रम उलटला असेल तर कर्नल नक्कलेच्या डिस्कच्या दाराशी उभा राहून सिस्टीम मागतोय.

म्हणून पहिला उपाय टाइप करायचा नाहीच. प्लग काढा, झाकण उघडा, सेल बदला. मल्टिमीटर असेल तर जुना तपासा : नवा सेल ३ व्होल्टच्या जरा वर दाखवतो, अडीचवर आलेला फेकायचा. झाकण उघडलंच आहे तर दोन्ही डिस्कच्या केबली काढून पुन्हा नीट बसवा, पण एकीची दुसरीला लावू नका. मी रत्नागिरीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं होते. समुद्राच्या हवेने रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात काळवंडायचे, ते आम्ही शाळेच्या खोडरबराने हलके घासून घ्यायचो. दर पावसाळ्यात दोन-तीन ‘मेलेली’ यंत्रं तेवढ्यावर जिवंत व्हायची. माळ्यावरची दमट हवाही काही वेगळी नाही. रबर घासून घ्या, पण त्याचा भुसा आत सांडू देऊ नका.

मग बायोसमध्ये जाऊन तारीख लावा आणि साटाची सेटिंग बघा. ‘आयडीई’ असेल तर ‘एएचसीआय’ करून जतन करा. बरीच शक्यता आहे की यंत्र इथेच सुरळीत सुरू होईल आणि पुढचे परिच्छेद तुम्हाला नुसते वाचायला उरतील.

नाही झालं तर लोडरच्या मेनूत २ दाबा, म्हणजे सिंगल युजर, दुरुस्तीपुरती अर्धवट सुरू होणारी सिस्टीम. पुन्हा ‘माउंटरूट’ येईल. तिथे फक्त प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर दाबा. कर्नलला दिसणाऱ्या सगळ्या डिस्कची यादी येईल. ती कागदावर उतरवा. फोटो काढलात तरी उतरवा. हाताने लिहिताना ० आणि १ यांच्याकडे लक्ष जातं. दोन्ही डिस्क दिसत असतील तर लिहा ‘यूएफएस:/डेव्ह/एडीए१पी२’. पी२ अशासाठी की जुन्या डेस्कटॉपवर ठरीव पद्धतीने यूएफएस (फ्रीबीएसडीची फाइल सिस्टीम) बसवलं की पहिला तुकडा बूटचा आणि दुसरा सिस्टीमचा असतो. एकच डिस्क दिसत असेल तर केबल पुन्हा बघा.

जमलं की शेलचा, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या कार्यक्रमाचा, मार्ग विचारला जाईल, तिथे नुसतं एंटर. आता तुम्ही आत आहात, पण डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलेली आहे. आधी डिस्क तपासायला ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एडीए१पी२’, मग ती लिहिण्यासाठी उघडायला ‘माउंट -यू -ओ आरडब्ल्यू /डेव्ह/एडीए१पी२ /’. ही दुसरी आज्ञा मी कधी विसरत नाही. एकदा ‘आरसी.कॉन्फ’ या सुरुवातीच्या सेटिंग्जच्या फायलीत शेवटचं अवतरणचिन्ह द्यायचं राहिलं आणि सर्व्हर सिंगल युजरमध्ये जाऊन पडला. ती फाइल शेलच वाचतो, एक चिन्ह राहिलं की पुढचं सगळं त्याच्या पोटात जातं. चूक दोन मिनिटांत सापडली, पण जतनच होईना. रात्री आठला शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की डिस्क अजून केवळ वाचनासाठीच उघडलीय. त्या दिवसापासून ती फाइल मी हाताने उघडत नाही, ‘सिसआरसी’ आज्ञेने बदलते.

आता ‘ईई /ईटीसी/एफएसटॅब’ देऊन फाइल उघडा. जिथे एडीए० आहे तिथे एडीए१ आणि उलट. नक्कलेच्या डिस्कच्या ओळीत चौथ्या रकान्यात ‘आरडब्ल्यू’ असेल, त्याला लागून स्वल्पविराम देऊन ‘फेलओके’ लिहा, मध्ये जागा न सोडता. एखाद्या दिवशी ती डिस्क सापडली नाही तरी यंत्र तिच्यासाठी अडून बसणार नाही. मग ‘रीबूट’.

भाचा आला की त्याच्याकडून एक काम करून घ्या : डिस्कच्या तुकड्यांना नावं. ‘जीपार्ट मॉडिफाय -आय २ -एल मूळ एडीए१’ असं दिलं की दुसऱ्या तुकड्याचं नाव ‘मूळ’ होतं (हेही रोमनमध्येच लिहायचं), आणि एकदा बंद-चालू केल्यावर तो ‘/डेव्ह/जीपीटी/मूळ’ म्हणून दिसतो. एफएसटॅबमध्ये तेच नाव घाला. मग डिस्क पहिली सापडो की दुसरी.

एक शेपूट उरतंच. सेल बदलून तारीख लावायची राहिली आणि यंत्र काही वर्षं मागे असलं, तर सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत. त्यांची प्रमाणपत्रं यंत्राच्या मते अजून जन्मलेलीच नसतात. लोक मग राउटर बदलतात. वेळ जुळवणारा ‘एनटीपीडी’ही अशा वेळी हात वर करतो : फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त असेल तर त्याला वाटतं आपलंच काही चुकतंय आणि तो बंद होतो. ‘सिसआरसी एनटीपीडी_सिंक_ऑन_स्टार्ट=येस’ एवढं एकदा देऊन ठेवा (इथला ‘येस’ मात्र मोठ्या अक्षरांत), म्हणजे सुरुवातीला एकदा कितीही मोठी उडी मारायची त्याला मुभा मिळते.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज आणि फ्रीबीएसडी दोन्ही आहेत. फ्रीबीएसडी वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागे पडलेलं असतं, कधी फ्रीबीएसडीत पुढे. सेल बदलून घेतला, ३५० रुपये गेले. तरी तेच. मदरबोर्ड खराब आहे का?

उत्तर : किती मागे, ते लिहिलं नाहीस, पण पैज लावते : साडेपाच तास. सेल संपला की घड्याळ महिने-वर्षं चुकतं, नेमकं साडेपाच तास कधीच चुकत नाही. हा आकडा भारतीय प्रमाणवेळेचा आहे.

विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं. फ्रीबीएसडीला सांगितलं नसेल तर ते तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं आणि तिच्यात साडेपाच तास मिळवतं. मग इंटरनेटवरून खरी वेळ घेऊन घड्याळात यूटीसी लिहून ठेवतं, आणि विंडोज उघडलं की ते साडेपाच तास मागे. दोघंही आपापल्या परीने खरं बोलतात.

उपाय एका रिकाम्या फायलीचा. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन ‘टच /ईटीसी/वॉल_सीमॉस_क्लॉक’ दे. फाइलीत काही लिहायचं नाही. ती नुसती असली की ‘ॲडजेकर्नटीझेड’ हा छोटा कार्यक्रम समजतो की मदरबोर्डच्या घड्याळात भिंतीवरच्या घड्याळासारखी स्थानिक वेळ आहे. नंतर ‘टीझेडसेटअप’ चालवून आशिया, भारत निवड, आणि रीबूट कर. ३५० रुपये मात्र गेलेच. सेल तेवढ्याला येत नाही, बाकीची मजुरी.

प्रश्न : वेंगुर्ल्याला शिक्षक आहे. लॅपटॉपवर फ्रीबीएसडी बसवलं, पण वायफाय दिसत नाही. वायफायचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा कार्यक्रम) उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वायफाय. लॅनची खाच या लॅपटॉपला नाही.

उत्तर : सर, खिशातला अँड्रॉइड फोन काढा. डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. केबल फक्त चार्जिंगची असेल तर तो पर्याय उमटतच नाही, मग दुसरी घ्या. लॅपटॉपवर ‘केएलडीलोड इफ_यूआरएनडीआयएस’, त्यानंतर ‘डीएचक्लायंट यूई०’. बहुतेक फोन एवढ्यावर चालतात आणि तुम्ही नेटवर येता.

आता ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ द्या. ज्या ओळीची सुरुवात ‘नन’ने होते, त्या भागाला चालवणारा ड्रायव्हर सापडलेला नाही. त्याच्याखाली कंपनी आणि चिपचं नाव असतं. इंटेलची चिप असेल तर आवृत्ती १४ पासून ‘एफडब्ल्यूगेट’ ही आज्ञा लागणारं फर्मवेअर स्वतः शोधून आणते. ब्रॉडकॉम निघाली तर तिच्यामागे सुट्टी घालवू नका. आधीपासून चालतं असं माहीत असलेलं छोटं यूएसबी वायफाय घ्या. घेताना खोक्यावरचं मॉडेल नाही, आतली चिप विचारा. एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या चिपा विकल्या जातात, आणि दुकानदाराला ते माहीत नसतं.

प्रश्न : दोन छोट्या गोष्टी. एक, आवाज टीव्हीच्या केबलमधून जातो, लॅपटॉपच्या स्पीकरमधून येत नाही. दोन, मुलाने सुरुवातीच्या मेनूत लाल शिंगवाला सैतान लावलाय, हातात त्रिशूळासारखं काहीतरी. सासूबाई म्हणतात, हे चित्र देवघरासमोरच्या टेबलावर नको. – एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : आवाजाचं सोपं. ‘कॅट /डेव्ह/एसएनडीस्टॅट’ दिलंत की ‘पीसीएम०’, ‘पीसीएम१’ अशी यादी येईल, ‘डीफॉल्ट’ कुणासमोर आहे तेही. स्पीकरचा आकडा १ असेल तर ‘सिसकंट्रोल एचडब्ल्यू.एसएनडी.डीफॉल्ट_युनिट=१’. ऐकू आलं की बरोबरीच्या चिन्हासकट तेवढाच भाग ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’मध्ये एका ओळीवर लिहा, म्हणजे रोज सांगावं लागणार नाही.

सासूबाईंना सांगा, तो सैतान नाही, डीमन आहे. मागे राहून निमूटपणे कामं करणाऱ्या कार्यक्रमांना युनिक्समध्ये डीमन म्हणतात. त्याला बीस्टी म्हणतात, आणि त्याच्या हातातला काटा म्हणजे ‘फोर्क’ या सिस्टीम कॉलवरची कोटी. एका कार्यक्रमातून दुसरा जन्माला घालायचा तो कॉल. २००५ साली प्रकल्पाने अधिकृत बोधचिन्ह म्हणून नुसता लाल गोळा घेतला, पण शिंगं त्यालाही ठेवली. एवढं सांगूनही त्यांचं समाधान झालं नाही तर वाद घालू नका. ‘/बूट/लोडर.कॉन्फ’मध्ये मुलाने ‘लोडर_लोगो’ची ओळ घातली असेल, तिथे ‘बीस्टी’च्या जागी ‘नन’ लिहा. अवतरणचिन्हं दोन्ही बाजूंना आहेत ना, ते बघून जतन करा.