लहान लेकीला घेऊन भटकायचंय? आधी ऋतू बघ

अगं, लेक दोन वर्षांची आहे म्हणून घरात बसून राहू नकोस. फक्त पावसाळ्यात रविवारी सिंहगडाच्या वाटेला जाऊ नकोस. घाटात गाड्यांची रांग लागते नि पोर आत बसून रडतं. मधल्या वारी जा, सकाळी लवकर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही खा आणि गर्दी व्हायच्या आत खाली ये. रेनकोटपेक्षा कोरड्या कपड्यांचे दोन जोड जास्त कामाचे. ओल्या बुटांत घरी आल्या आल्या वर्तमानपत्राचे बोळे कोंब.

कास पठार सप्टेंबरात फुलतं खरं, पण एवढ्याशा पोरीला 'फूल तोडू नको' किती वेळा सांगशील? राहू दे सध्या.

माझं विचारशील तर खरी मजा हुरड्याची. डिसेंबर-जानेवारीत ओळखीच्या कुणाच्या शेतावर जा. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेलं ज्वारीचं कणीस हातावर चोळलं की हिरवे, गरम दाणे सुटतात. सोबत लसणाची चटणी, दही. लेकीला मात्र भुसकट फुंकून, दाणे चांगले चुरडून, दह्यात कालवून दे. आणि धूर येईल त्या बाजूला बसवू नकोस.

भिगवणला फ्लेमिंगो बघायला हिवाळा सरता सरता, भल्या सकाळी. बोटीत तिच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, ते आधी फोनवर विचार.

मे महिन्यात कुठ्ठे नेऊ नकोस. दुपारी बादलीत आंबे भिजत टाक, तिला जुना फ्रॉक चढव आणि मोरीत बसवून खुशाल चोखू दे.