इंटर्नशिप करून आला आणि कॉलेजवरून मनच उडालं

मी विद्यार्थ्यांचं समुपदेशन करतो. सुट्टी संपून कॉलेजं सुरू झाली की पंधरवड्यात आई-वडिलांचे फोन येऊ लागतात. तक्रार बहुतेक एकच असते: 'कंपनीत दोन महिने काम करून आलाय आणि आता म्हणतो, कॉलेजात काही अर्थ नाही.' मुलगा शिक्षण सोडून बसेल, ही खरी धास्ती.

असाच एक मुलगा आला, संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खुर्चीत बसता बसताच त्याने माझ्या लॅपटॉपवर निकाल देऊन टाकला. "सर, याला चारच जीबी रॅम असणार. चालवता कसा?" मी म्हटलं, "मला नुसती टिपणं टाइप करायची असतात रे, तेवढ्याला पुरतो." घरात फोन, हेडफोन, घड्याळ काहीही घ्यायचं तर याचं मत आधी. वडिलांच्या मते सगळं बिघडलं ते याच नादाने. मला तसं वाटलं नाही, पण त्या मतांकडे लक्ष ठेवलं.

कॉलेजबद्दल तो भरभरून बोलला. कंपनीत गिट होतं, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली; कोड रिव्ह्यू होता, म्हणजे लिहिलेला कोड सहकारी तपासणार; आणि रोज सकाळी स्टँडअप, म्हणजे कामाची छोटी बैठक. इथे कॉलेजात कोड कागदावर लिहायचा आणि प्रॅक्टिकलची फाइल सीनियरची बघून उतरवायची. यात खोटं काय होतं? घरचे अशा वेळी 'पदवी लागतेच' म्हणून वाद घालतात, आणि मूल आणखी हट्टाला पेटतं. मी वाद घातला नाही. तिथलं एकच काम अगदी बारकाईने सांग म्हटलं.

त्याने एका रिपोर्टच्या पानाची गोष्ट सांगितली. पान उघडायला अर्धा मिनिट लागायचं. सवयीप्रमाणे याने मत दिलं, सर्व्हरची रॅम वाढवा. मेंटॉरने हो-नाही काही न म्हणता त्याला क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला माहिती मागणाऱ्या आज्ञेच्या, आधी 'एक्स्प्लेन' लिहून चालवायला लावलं. डेटाबेस उत्तर कुठल्या वाटेने शोधतो, ते त्यात दिसतं. एका ग्राहकाच्या नोंदींसाठी दर वेळी अख्खं टेबल, लाखो ओळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जात होतं. ग्राहक क्रमांकावर इंडेक्सच, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी नेमकी नोंद शोधून देणारी सोय, नव्हता. तो एका ओळीच्या आज्ञेने तयार केला आणि पान चुटकीसरशी उघडायला लागलं. सांगताना पठ्ठ्या खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

"इंडेक्सच्या आत काय असतं?"

"बहुतेक वेळा बी-ट्री. नाहीतर तिचाच एखादा प्रकार."

"हे कुठे शिकलास?"

तो ओशाळून हसला. "चौथ्या सेमिस्टरला. पाच मार्कांना होतं, आकृती पाठ केली होती."

बी-ट्री म्हणजे नोंदी फांद्याफांद्यांनी क्रमवार लावून ठेवायची रचना. बायर आणि मॅक्राइट या संगणकशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेली ही रचना अजून जगभरच्या डेटाबेसांत राबते आहे. 'बघ, शेवटी कॉलेजच कामाला आलं' असं म्हणायचा मोह झाला, पण ते त्याने घरी भरपूर ऐकलं होतं. मी विचारलं, मग इथे जे पाच मार्कांचं होतं, त्यात तिथे एवढी मजा का आली? तो थोडा थांबला. "तिथे अकाउंट्सच्या मॅडम रोज विचारायच्या, झालं का रे ते पान."

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. या मुलांना कंटाळा विषयांचा नसतो. ऑफिसात त्यांच्या कामाची कोणीतरी वाट बघत असतं. कॉलेजात सबमिशन दिलं की ते कपाटात जातं. दोन महिने कुणाच्या तरी उपयोगी पडून आलेल्याला हे फार लागतं, आणि तो दोष अभ्यासक्रमाच्या माथी मारून मोकळा होतो. (अभ्यासक्रमाचाही दोष असतोच, ते वेगळं.)

म्हणून आम्ही 'अभ्यास कर' हा विषयच काढला नाही. वाट बघणारं माणूस शोधायचं ठरवलं. विभागाच्या प्रयोगशाळेत यंत्रांच्या तक्रारी वहीत लिहायचे आणि तंत्रसहायक त्या वहीने बेजार होते. मिनी प्रोजेक्ट म्हणून त्यांच्यासाठी तक्रारनोंदीची साधी प्रणाली करायची याने ठरवलं. मार्गदर्शक सरांनी लगेच होकार दिला.

गॅजेटची मतं बंद करायला मी सांगितलं नाही. एक अट मात्र घातली: मत द्यायच्या आधी मोजायचं. स्वतःचा लॅपटॉप 'डब्बा' झालाय, नवा हवा, हे घरातलं जुनं भांडण होतं. यंत्राचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बघितला तर मेमरी, म्हणजे रॅम, बऱ्यापैकी मोकळी आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांवर. आत फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क होती. ती काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, नव्या लॅपटॉपचा विषय तिथेच मिटला. वडील खूश झाले, अर्थातच.

कॉलेज सोडण्याच्या विचाराला मी थेट विरोध केला नाही. कंपनी पदवीशिवाय कायम नोकरी देते का, हे लेखी विचार आणि सत्र खंडित केलं तर पुन्हा प्रवेशाचे नियम काय, ते कार्यालयातून आण, एवढंच सांगितलं. कंपनीचं उत्तर आलं: शेवटचं सत्र संपल्यावर अर्ज करा. चिडला, पण चार दिवसांनी वर्गात जाऊन बसला.

पालक विचारतात, किती दिवस थांबायचं? मी एक सत्र तरी द्या म्हणतो. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, मित्रही नकोसे झाले, तर त्याला कंटाळा समजून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. या मुलाचं तसं काही नव्हतं. कागदावर कोड लिहायला लावतात म्हणून तो अजूनही कुरकुरतो, आणि माझ्या लॅपटॉपबद्दलचं त्याचं मत होतं तेच आहे.