तिप्पट चालणारा ईटीएफ घ्यावा का?

प्रश्न : वडिलांनी घेतलेले विप्रोचे शेअर माझ्या नावावर आहेत. थोडे विकून निफ्टीचा ईटीएफ घ्यायचा विचार आहे. पुतण्या म्हणतो, त्यापेक्षा अमेरिकेतला तिप्पट चालणारा नॅस्डॅकचा घ्या, ईटीएफ सगळे सारखेच. हे प्रकरण गुंतागुंतीचं तर नाही ना?
– एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : सर, अमळनेरकराला मी जळगावात बसून शेअर शिकवणं बरं दिसत नाही. १९४५ मध्ये तुमच्याच गावात विप्रो ही वनस्पती तुपाची कंपनी म्हणून निघाली आणि कितीतरी घरांनी तिचे शेअर वर्षानुवर्षं विकलेच नाहीत. घेतलं की पडू द्यायचं, ही तुमच्याकडची सवय. पुतण्याच्या फंडाला नेमकी तीच सोसत नाही.

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड, नुसती पिशवी. आत काय भरलंय ते बघा. निफ्टीच्या पिशवीत ५० कंपन्यांचे शेअर खरोखर घेऊन ठेवलेले असतात. हा साधा. तिप्पटवाल्यात स्वॅप, फ्युचर्स असले करार असतात आणि निर्देशांकाच्या चढउताराच्या 'तिप्पट' हे फक्त त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी हिशेब नव्याने. समजा, निर्देशांक १०० चा ११० झाला, दुसऱ्या दिवशी परत १०० वर आला. तुमच्या शंभराचे आधी १३० झाले, मग निर्देशांक ९.०९ टक्के पडला म्हणून तुमचे २७.२७ टक्के गेले. उरले साडेचौऱ्याण्णव! बाजार जागच्या जागी आणि तुम्ही खड्ड्यात. अमेरिकेतल्या फिन्रा या नियामक संस्थेने २००९ मध्येच बजावलंय की, एका दिवसापेक्षा जास्त ठेवणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारासाठी असे फंड सहसा योग्य नसतात. त्यामुळे तुमच्यासाठी तो गुंतागुंतीचाच.

साधा म्हणजे निर्धोक, असं मात्र धरू नका. मार्च २०२० मध्ये निफ्टीचा ईटीएफही आपटला होता. शिवाय भावाची गंमत वेगळीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीचे ईटीएफ आतल्या चांदीहून बरेच महाग विकले जात होते. आमच्या सराफ बाजारात घासाघीस करणारी माणसं मोबाइलवर तो भाव मुकाट देत होती. म्हणून खरेदीआधी आय-नॅव्ह, म्हणजे आतल्या मालाची त्या घडीची किंमत, बघा आणि लिमिट ऑर्डरच लावा, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाहून जास्त जाणार नाही.

विप्रो विकण्याआधी सीएकडे जा. नफ्यावरचा कर मोजताना जुन्या शेअरना ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा फायदा मिळतो. २०१९ आणि २०२४ मध्ये बोनस म्हणून फुकट मिळालेल्या शेअरची खरेदी किंमत मात्र शून्य धरतात.