कॉफी चालायची

गेल्या दोन महिन्यांत समुपदेशनाला आलेल्यांकडून तिसऱ्यांदा हाच प्रश्न आला म्हणून आज लिहायला बसले. शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात. कोणी म्हणतं मुलीला कुशीत घेतलं तरी आतून काही हलत नाही, कोणी म्हणतं स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं, कोणी सरळ विचारतं, मॅडम, माझं घरच्यांवरचं प्रेम आटलंय का? आणि थोडं मागे जाऊन विचारत गेलं की सापडतं, मधे एक आजारपण झालेलं असतं आणि तेव्हापासून वास येईनासा झालाय नाहीतर भलताच यायला लागलाय. हे आपणहून कोणी सांगत नाही, कारण नाकाचा आणि प्रेमाचा काय संबंध, असंच सगळे धरून चालतात. २०२२ पर्यंत मीही तो प्रश्न विचारत नव्हते. मला तो विचारायला शिकवला एका जोडप्याने, त्यांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण बोलणं त्यांचंच आहे.

मार्चमधली दुपार. लग्नाला बारा वर्षं झालेली, मुलगा चौथीत. बोलत होती ती, तो खाली बघून ऐकत होता. हे आठ महिने हॉलमध्ये झोपतात. डबा नेतात आणि भरलेला परत आणतात. मी जेवायला बसले की ह्यांना फोन येतो. टूथपेस्टसुद्धा वेगळी आणलीय, मी वापरते ती नको. मग तिने आवाज खाली करून विचारलं, "मॅडम, बाहेर काही असेल का हो?"

तो म्हणाला, कामाचा ताण आहे.

याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते, तिथे संवाद वाढवा, महिन्यातून एकदा दोघंच बाहेर जेवायला जा असं सांगितलं होतं, आणि ते जेवण म्हणजे सगळ्यात वाईट संध्याकाळ ठरली होती, कारण तो पहिल्या पदार्थालाच उठून बाहेर गेला. तिने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढलाच.

आमच्या मावशींनी तेवढ्यात कॉफी आणली. कप टेबलावर ठेवला आणि त्याने खुर्ची खिडकीकडे सरकवली, हळूच, आपल्याला वाटावं ऊन बघतोय. मी विचारलं, कॉफी चालत नाही का तुम्हाला?

"चालायची."

त्या एका शब्दावर मी थांबले. चालत नाही म्हणाला असता तर मी कप बाजूला करून पुढे गेले असते. चालायची म्हणजे मधे काहीतरी घडलंय. चौदा वर्षं या खुर्चीत बसल्यावर एवढं कानाला कळतं, आणि त्याचं मला समाधान आहे.

पुढची भेट मी त्याच्याशी एकट्याशी ठेवली. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत त्याला कोविड झाला होता. वास गेला, तीनेक आठवड्यांनी परत आला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. जुलैमध्ये एका सकाळी कॉफी जळक्या रबरासारखी लागली. मग कांदा, मग लसूण, अंडं, तळण. आणि मग तो बराच वेळ गप्प बसला.

"मॅडम, ती जवळ आली की सडल्यासारखा वास येतो. केसांना, अंगाला. मला माहितीये ती स्वच्छ आहे. हे कसं सांगू तिला? कुठल्या बाईला सहन होईल? आणि मला असं वाटतं म्हणजे माझ्यातच काहीतरी मेलंय."

मी विचारलं, आईचा वास? म्हणाला, तसाच. मुलाचा? खेळून आला की तसाच. स्वतःच्या शर्टाचा? त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "माझाही."

"मग स्वतःवरचं प्रेमही जुलैमध्येच संपलं का?"

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने शिकलेली. माणूस घटनेपेक्षा तिला लावलेल्या अर्थाने जास्त जखमी होतो हे मी अगदी मनापासून मानते. इथे तर घटना नाकात घडली होती आणि दोघांनी मिळून तिचा अर्थ लावला होता संसारात. पण अर्थ बदलायचा तर घटना काय आहे ते नीट माहीत पाहिजे, नुसतं चांगला विचार करा सांगून काही होत नाही. म्हणून त्याला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवलं आणि मी स्वतः वाचायला बसले. जे वाचलं ते त्याला पेटीच्या भाषेत सांगितलं, कारण त्याच्या वडिलांची भजनातली पेटी घरात होती.

आपल्या नाकाच्या वरच्या टोकाला वास ओळखणाऱ्या पेशी असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये त्यांच्यावरच्या, वासाचे रेणू पकडणाऱ्या ग्राहकांची (रिसेप्टर्सची) जनुकं शोधली, २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. माणसात असे साधारण ४०० प्रकारचे ग्राहक कामात असतात आणि एका पेशीवर बहुतेक एकाच प्रकारचा. म्हणजे पेटीच्या ४०० पट्ट्या समजा. कॉफीचा वास म्हणजे एक पट्टी नाही, कितीतरी पट्ट्या एकदम दाबल्यावर उठणारा सूर. २०२० मध्ये हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक दाखवलं, कोरोनाचा विषाणू ज्या दारातून आत शिरतो ते दार या वास घेणाऱ्या पेशींवर नसून त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींवर असतं. सांभाळणारा पडला की घर विस्कटतं. वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, ही त्यातली फार मोठी दिलाशाची गोष्ट, पण नव्या पेशींना मेंदूपर्यंत आपापली तार जोडावी लागते, त्यात वेळ जातो आणि काही तारा चुकतात. अर्ध्या पट्ट्या वाजतायत, अर्ध्या मुक्या, त्यातून निघणारा सूर भेसूरच असणार.

मग कांदा, लसूण, कॉफीच का? इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या वासातला एकेक रेणू वेगळा करून अशा लोकांना हुंगायला दिला, तेव्हा किळस आणणारे बरेचसे रेणू गंधक असलेले निघाले, अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला जाणवणारे. कांदा-लसणात गंधकाचे रेणू असतात. माणसाच्या घामाच्या वासातही असतात. आणि दोन वेळची फोडणी देऊन आलेल्या बाईच्या केसांत काय असेल ते कोणीही सांगेल.

हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मी खोटं नव्हतो." आठ महिने घरात जो माणूस खोटा ठरत होता त्याच्या तोंडून हे वाक्य आलं, आणि मला तेव्हा कळलं की त्याला माहितीपेक्षा साक्षीदार हवा होता. मनाचे खेळ आहेत असं त्याला इतक्यांनी सांगितलं होतं की त्यालाही ते पटत आलं होतं.

बायकोला मात्र त्यानेच सांगायचं असं ठरलं. तिसऱ्या भेटीत त्याने सांगितलं, अडखळत, हात पुसत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही, कांदा?"

आणि रडायला लागली. ती आठ महिने दिवसातून तीनदा आंघोळ करत होती. नवीन साबण, नवीन तेल, त्याला आवडतो म्हणून सेंट. आपल्यात काय कमी झालं ते शोधत होती, आणि तो प्रत्येक सेंट त्याला आणखी लांब ढकलत होता. दोघंही एकमेकांसाठीच झटत होते, फक्त एकमेकांना न सांगता.

इथे थोडं सगळ्यांसाठी. वास आपण फार हलका समजतो, कुत्र्याचं नाक तेवढं खरं आणि माणसाचं असंच, ही समजूत मुख्यतः १९व्या शतकातली, फ्रेंच मेंदूतज्ज्ञ पॉल ब्रोकाच्या काळापासून चालत आलेली. जॉन मॅकगॅन यांनी २०१७ मध्ये सायन्स या विज्ञान नियतकालिकात लेख लिहून ती खोडून काढली. इतर संवेदना मेंदूतल्या एका मधल्या चौकीवरून पुढे जातात, वास ती चौकी आधी न गाठताच भावना आणि आठवणींच्या भागांपर्यंत पोचतो. २०१३ च्या एका अभ्यासात नवजात बाळांच्या अंगाचा वास बायकांना दिला तेव्हा मेंदूतला सुखाशी संबंधित भाग जागा झाला, नुकत्याच बाळंत झालेल्या आयांमध्ये जास्त. मग तो वास आजारात हरवलेल्या आईला बाळ कुशीत असूनही काहीतरी कमी वाटलं तर ती वाईट आई कशी होईल? एक धागा तुटलाय, बाकीचे आहेत. आवाज आहे, स्पर्श आहे, त्यांच्यावर थोडे दिवस जास्त भार टाकायचा. आणि आपला वास कमी झालाय हे कित्येकदा स्वतःलाच कळत नाही, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या गटाने वास मोजायचं यंत्र बनवून कोविडमध्ये तपासलं तेव्हा काहीच लक्षणं नाहीत म्हणणाऱ्यांमध्येही वासाची क्षमता घटलेली सापडली होती. म्हणून आता उदासी घेऊन कोणी आलं की झोप, भूक यांच्याबरोबर मी वासही विचारते.

डॉक्टरांनी त्याला वासाचा सराव दिला होता. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत आहे, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, रोज दोनदा हुंगायचं, निदान १२ आठवडे. साधी आहे, बिनखर्चाची आहे, आणि लोक ती तिसऱ्या आठवड्यात सोडतात. त्यानेही सोडली.

"रोज सकाळी डबी उघडतो आणि रोज नापास होतो," म्हणाला.

मला इथेच सापडलं. हा माणूस वास घेत नव्हता, परीक्षा देत होता. आज आलाच पाहिजे, अजून का येत नाही, मित्राचा दोन महिन्यांत आला. हा 'पाहिजे' मी कितीतरी लोकांच्या झोपेत, अभ्यासात, संसारात बघितलाय, पण तो नाकात जाऊन बसलेला पहिल्यांदा बघत होते. हट्टाने झोप येत नाही तसा वासही येत नाही. मी म्हटलं, तपासू नका, आठवा. डबी बायकोने उघडायची, आधी तिने हुंगायचं आणि तिला काय आठवतं ते बोलायचं. तुम्ही नाकाशी धरून नुसतं ऐकायचं. निकाल लावायचा नाही.

पुढच्या भेटीत ती सांगायला लाजत होती, त्यानेच सांगितलं. गुलाब, निलगिरी, लिंबू झालं. लवंगेची डबी उघडून ती म्हणाली, लग्नात विडा तोडताना तुम्ही लवंगच तोडली आणि सगळा विडा माझ्या तोंडात राहिला, तुमच्या आत्याबाई किती ओरडल्या होत्या. बारा वर्षांत हा विषय निघालाच नव्हता. दोघं हसत बसले, डबी हातातच. "वास आला का?" मी विचारलं. म्हणाला, "आला असेल, लक्ष नव्हतं."

या क्षणाचा मी नंतर खूप विचार केलाय. लवंगेने त्या दिवशी नाकाचं काय केलं मला सांगता येणार नाही, पण आठ महिन्यांनी ती दोघं एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर बसली होती आणि कोणी उठून गेलं नाही.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर आधी तज्ज्ञांना दाखवा, विशेषतः वास अचानक गेला असेल, एकाच नाकपुडीचा गेला असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर लगेच. गॅसला मुद्दाम गंधकाचा वास घातलेला असतो, तोच कळत नसेल तर गळती दाखवणारं छोटं यंत्र स्वयंपाकघरात लावून घ्या. जेवण गरम गरम वाढायचा आग्रह सोडा, गार अन्नाचा वास कमी सुटतो, दहीभात, काकडी, फळं सहसा चालतात. शिळं कळत नाही म्हणून डब्यांवर तारीख लिहा. आणि "नखरे करू नकोस" हे वाक्य कृपा करून बोलू नका, त्याने माणूस जेवायचा नाही, फक्त सांगायचा थांबतो.

त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालं तेव्हा सव्वा वर्ष होत आलं होतं. लिंबू बऱ्यापैकी लिंबासारखं यायला लागलं होतं, लवंग अधूनमधून, कॉफी अजून नाहीच. तो खोलीत झोपायला लागला होता, खिडकी उघडी ठेवून. रात्रीचं जेवण ते गच्चीत करतात, ती तिच्या ताटात कच्चा कांदा घेते, सोडलेला नाही. तो वारा कुठून येतोय ते बघतो आणि त्या बाजूला, तिच्या शेजारी बसतो.