लेक हंगामाला जायचं म्हणते

(धारूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. मुलगी छत्रपती संभाजीनगरात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. तिथलं एक लहान नाट्यगृह, शंभराच्या आत खुर्च्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी चार नवी नाटकं करणार आहे. एक ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांवर, एक टँकरच्या पाण्यावर, एक लातूरला नीटची तयारी करणाऱ्या पोरांवर. चौथं अजून लिहून व्हायचंय. मुलीला पडद्यामागचं काम देऊ केलंय. वडील लिहितात, “माझ्या आईबापानं ऊसतोडीच्या हंगामाला जाऊन मला वायरमन केलं. आता पोरगी म्हणते मलाबी हंगामाला जायचंय, नाटकाच्या. एमपीएससीचा क्लास सोडून. आन् आमच्या बायांचं दुःख तिकीट लावून दाखवायचं, हे काही पटत नाही मॅडम.”)

दादा, नमस्कार.

पहिल्यांदा वाचताना वाटलं, नेहमीचाच प्रश्न आहे, नोकरी की नाटक. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की टोचणी शेवटच्या ओळीची आहे. म्हणून तिथूनच सुरू करते.

गर्भपिशव्यांचा विषय २०१९ मध्ये गाजला. सरकारनं समिती नेमली, कॅमेरे तुमच्या भागात येऊन गेले. तेव्हापासून त्यावर बोलणारे वाढले, पण त्यात कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहिलेले थोडेच. मी एका गावात शाळेच्या पटांगणावर ऊसतोडीवरचं नाटक पाहिलं होतं. नायिका मोळी बांधत होती, सुतळीनं. पुढं बसलेली एक म्हातारी उठली, सरळ मंचावर गेली. “वाढ्यानं बांधतेत बाई,” म्हणाली, तिथल्याच उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, ओढलं, पीळ दिला आणि गाठ मारून खाली येऊन बसली. त्या प्रयोगातलं मला आज तेवढंच आठवतं. तुमची लेक तालमीत असली तर सुतळी आणली जाणार नाही. तिची आजी आहे ना घरात.

तिकिटाचं मात्र दिग्दर्शकाला तोंडावर विचारा. ज्या बायांच्या हकिकती घेतल्या त्यांना विचारलंय का, नावं-गावं बदललीत का, एखादा प्रयोग कारखान्याच्या तळावर फुकट होणार का? ऐकून तो चिडला तर काय समजायचं ते तुम्ही समजालच.

आता कामाचं. तापडिया किंवा संत एकनाथ रंगमंदिरात मोठ्या नाटकाचा प्रयोग लागतो तेव्हा प्रकाशवाला वेगळा, नेपथ्यवाला वेगळा, कपडेपट वेगळा. शंभर खुर्च्यांच्या जागेत एकच पोरगी चार वाजता झाडू मारते, दिवे कमीजास्त करणारा डिमर तपासते, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातल्या वस्तू टेबलावर मांडते आणि तिसऱ्या घंटेनंतर क्यू शीट, म्हणजे कोणता दिवा-आवाज कधी याची यादी, घेऊन विंगेत उभी राहते. संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (प्रयोगाआधी नाटक तपासणारं मंडळ) पाठवून प्रमाणपत्र आणायचं कामही बहुतेक तिच्याच गळ्यात पडेल. पडू द्या. चार महिन्यांत चार नाटकांचं हे सगळं पैसे भरूनही कुठं शिकायला मिळत नाही.

त्यातही तिनं दिव्यांना चिकटावं असं माझं मत आहे. हजार वॉटचे आठ दिवे एका साध्या बोर्डावर टाकले की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. तिनं ते तुमच्याकडून लहानपणीच ऐकलं असेल. अभिनयाला रांग फार मोठी असते. प्रकाशयोजना येणारी मुलगी माझ्या पाहण्यात फार क्वचित येते, आणि ज्याला ती येते त्याचं पोट नाटकाबाहेरही भरतं: स्नेहसंमेलनं, सभा, लग्नाचे स्टेज. कलेच्या माणसाला हे सांगितलं की राग येतो, पण वीजबिल तेच भरतं.

पुढं शिकायचं झालं तर तिच्याच शहरात विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे, अभ्यासक्रम तीन वर्षांचा, मुलांना शिष्यवृत्ती मिळते. पण तिथं अर्ज करायला पदवी लागते आणि किमान सहा नाटकांतला सहभाग. चार इथंच होतील. प्रत्येक नाटकानंतर सहीशिक्क्याचं पत्र घ्यायला सांगा, नंतर कुणी देत नाही. आणि पदवी लागते हे तिला दोनदा ऐकवा.

आपल्या भागातून हे होतं का, असंही तुम्ही विचारलंय. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये आलं आणि मुंबई-पुण्यात गाजलं. त्यात जालन्याकडची पोरं होती. सगळ्यांचं नशीब तसं निघतं असं मी म्हणणार नाही.

व्यवहार मात्र तुम्हीच बोला, ऊसतोडीच्या मुकादमाशी बोलतात तसा. नाइटचे, म्हणजे एका प्रयोगाचे, किती, तालमीच्या दिवसांचे किती, की नुसता चहा? तालीम साडेनऊला सुटली तर वसतिगृहाच्या गेटपर्यंत कोण सोडणार? आधी रक्कम देतो म्हणाले तर घेऊ नका. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या माणसाला मधून निघता येत नाही, हे तुमच्या घरानं माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

एमपीएससीचा क्लास चार महिने थांबला तर काही बुडत नाही. जाहिरात कधी येईल हे क्लासवाल्यालाही ठाऊक नसतं. मला धास्ती त्या न लिहिलेल्या चौथ्या नाटकाची आहे. ते फेब्रुवारीत होणार नाही, मार्चमध्ये सरकेल, आणि नेमकं शेवटच्या परीक्षेवर येईल. तेव्हा लेकीनं आत्ताच सांगून ठेवावं: तीन नाटकं नक्की, चौथं परीक्षा झाल्यावर. तालमीचं वेळापत्रक हातात आलं की त्यावर परीक्षेच्या तारखा लाल पेनानं मारा आणि फोटो मला पाठवा.