इंटरनेट आहे तेच ठेवा, एफडी मोडा

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, आता घरूनच इंजिनिअरिंग ड्रॉइंगची कामं घेतात. पत्नी संध्याकाळी ऑनलाइन शिकवण्या घेतात. मुलगा अकरावीत, मुलगी आठवीत. दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न सरासरी ८५ हजार. घरात चार कॉम्प्युटर आणि त्या चौघांत मिळून एकच फायबर कनेक्शन: १०० एमबीपीएस, ७९९ रुपये अधिक जीएसटी. संध्याकाळी सातनंतर क्लास अडकतो, ड्रॉइंगची फाइल क्लायंटकडे जाता जात नाही आणि मुलांची वाय-फायवरून भांडणं होतात.

त्यांचा प्रश्न असा. १,४९९ रुपयांचा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा का? वर्षाचे पैसे कार्डावर एकदम भरले तर एक महिना फुकट आहे. की दुकानदार म्हणतो तसा १६ हजारांचा मेश राउटरचा (घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या जोड राउटरचा) संच हप्त्यांवर घ्यावा? वरच्या मजल्यावरचे भाडेकरू वाय-फाय वापरून महिना ४०० रुपये द्यायला तयार आहेत, म्हणजे खर्च थोडा निघेल. शिवाय बिल व्यवसायाच्या खर्चात दाखवता येईलच.

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तशा चार ओळी: "पैशांची तशी अडचण नाही. २ लाखांची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलं आहे. बँकेतल्या मॅडमनी दिलेली दीड लाख हप्त्याची पॉलिसी चालू आहे, दुसरा हप्ता आठ महिन्यांपूर्वी क्रेडिट कार्डावर भरला. कार्डाचे दरमहा साडेसात हजार नेमाने भरतो, एकदाही चुकलो नाही. पत्नीला कार्डाचं बोललेलो नाही, उगाच काळजी करेल."

नमस्कार. आधी इंटरनेटचं सांगतो, कारण ते लवकर आटपेल.

प्लॅन वाढवू नका. संध्याकाळी घरात काय काय चालतं ते मोजा: क्लासचा व्हिडिओ कॉल ४ एमबीपीएस, तुमची मीटिंग ४, मुलं व्हिडिओ बघत असतील तर प्रत्येकी ८ धरा. सगळं मिळून २५ च्या आसपास, आणि तुम्ही पैसे १०० चे भरताय. कमतरता कनेक्शनमध्ये नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत राउटर टीव्हीच्या मागे, फिश टँकला टेकून ठेवलेला दिसतो. पाणी वाय-फायचा सिग्नल शोषून घेतं आणि टीव्हीचा पत्रा तो अडवतो. शिवाय त्याच्या लेबलवर 'एन ३००' लिहिलं आहे. म्हणजे तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा जुना राउटर आहे. इमारतीतल्या सगळ्यांच्या राउटरची गर्दीही त्याच पट्ट्यात असते, आणि लोक घरी आले की, म्हणजे सातनंतरच, ती वाढते. अशा राउटरची मागची पोर्टसुद्धा बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचीच असतात. तुम्ही ३०० चा प्लॅन घेतला असता तरी हा राउटर त्यातले १०० सुद्धा धड पुढे सोडणार नाही. प्लॅन विकणाऱ्याने किंवा दुकानदाराने हे एका वाक्यात सांगायला हवं होतं.

खात्री करायची असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि संध्याकाळी आठ वाजता स्पीड तपासा. ९० च्या वर आकडा आला तर लाइन ठीक आहे. मग अडीच हजारांच्या आसपास ५ गिगाहर्ट्झ आणि गिगाबिट पोर्ट असलेला राउटर घ्या आणि तो घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. कॅट ६ केबल ओढून ड्रॉइंगचा आणि क्लासचा असे दोन कॉम्प्युटर थेट राउटरच्या पोर्टला जोडा. मुलं वाय-फायवर राहू देत. केबल, वायरमनची मजुरी सगळं धरून ४ हजारांत काम होईल, एकदाच. मोठ्या प्लॅनला जीएसटी धरून महिन्याला सव्वाआठशे जास्त जातील, वर्षाला १० हजार, आणि क्लास अडकायचा तो अडकेलच. मेशचा संच तीन मजली बंगल्याला लागतो, तुमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला नाही.

भाडेकरूंना वाय-फाय देऊ नका. घरगुती कनेक्शन पैसे घेऊन दुसऱ्या घराला देणं कंपनीच्या अटींत बसत नाही. त्याहून महत्त्वाचं, त्या जोडणीवरून कोणी काही उद्योग केला तर पत्ता तुमच्या नावाचा निघतो आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतात. ४०० रुपयांसाठी ही जबाबदारी कशाला घ्यायची? बिल खर्चात दाखवण्याचंही तुमच्या बाबतीत जमत नाही. तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या सोयीखाली रिटर्न भरता असं लिहिलं आहे. त्यात जमेची निम्मी रक्कम नफा धरली जाते आणि उरलेल्या निम्म्यात सगळे खर्च आलेच असं मानलं जातं. बिल ९०० चं असो की १,८०० चं, कर तेवढाच.

राहिला तो फुकटचा महिना. जीएसटीसह वर्षाचे साधारण २१,२०० रुपये तुम्ही कार्डावर टाकणार. पण ज्या कार्डावर मागची बाकी आहे, त्यावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, महिन्याला पावणेनऊशे. फुकट महिन्याची किंमत १,७६९. म्हणजे तो दोन महिन्यांत खाल्ला जातो. ब्रॉडबँडचं बिल तुम्ही ५ टक्के कॅशबॅकसाठी त्याच कार्डावर भरता, तेही आजपासून बंद करा.

आता त्या शेवटच्या चार ओळी. तुम्ही न विचारलेलं सांगतोय, कारण तुमचे पैसे खरे तिथे चालले आहेत.

तुमच्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के आहे, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला चार टक्क्यांच्या वर. दीड लाखावर पहिल्याच महिन्यात ६,२०० रुपये व्याज आणि कर. तुम्ही भरले ७,५००, मुद्दल फिटलं १,३००. आठ महिन्यांत तुम्ही ६० हजार भरलेत आणि बाकी १ लाख ५० हजारांवरून १ लाख ३८ हजारांवर आली आहे. उरलेले ४८ हजार कुठे गेले ते स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर महिन्यागणिक छापलेलं आहे. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड किती लांबते, याची सूचनाही त्यावर असते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. "एकदाही चुकलो नाही" असं तुम्ही लिहिलंत आणि तुमची शिस्त खरीच आहे. पण याच शिस्तीने भरत गेलात तर अजून जवळपास तीन वर्षं लागतील आणि दीड लाखाच्या हप्त्यापोटी एकूण सव्वातीन लाख भरून होतील.

आणि हे सगळं चालू असताना शेजारी २ लाखांची एफडी ७ टक्क्यांनी पडून आहे. ती वर्षाला तुम्हाला १४ हजार देते. कार्ड पुढच्या एका वर्षात ६० हजारांच्या वर नेईल. या एफडीला हात लावायचा नाही, हा निर्धार कोणासाठी चालला आहे? मुलांच्या शिक्षणासाठी म्हणाल, तर मुलांच्याच शिक्षणाचे पैसे कार्डाच्या व्याजात जात आहेत. एफडी या आठवड्यात मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल अर्धा-एक टक्का व्याज कमी मिळेल, मिळू दे. १ लाख ३८ हजार एकरकमी भरा. नंतरच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज लागून येईल, तेही भरा आणि बाकी शून्य झाल्याचं पाहा.

एफडी दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे पत्नीची सही लागेल. ती सही कशासाठी हवी हे आज रात्रीच सांगा. त्या रोज संध्याकाळी अडकणाऱ्या क्लासमध्ये बसून जे कमावतात, त्यातलाच पैसा या व्याजात जातो आहे. त्यांना हे कळायलाच हवं. काळजी दोघांनी मिळून केली तर मार्ग लवकर निघतो, आणि हा मार्ग तर तुमच्याच कपाटात पावतीच्या रूपात आहे.

आता पॉलिसी. दरवर्षी दीड लाख, दहा वर्षं. पंधराव्या वर्षाअखेर २४ लाख. "एफडीसारखीच, पण पैसे जवळजवळ दुप्पट आणि वर विमा," असं तुम्हाला सांगण्यात आलं. १५ लाखांचे २४ लाख हे दुप्पट नव्हेत आणि वर्षाचा परतावा पडतो साडेचार टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये गेले असते तर ७.१ टक्क्यांनी, म्हणजे एप्रिल २०२० पासून जो दर चालू आहे त्याने, त्याच मुदतीत सुमारे ३१ लाख झाले असते. तेही करमुक्त, आणि एखाद्या वर्षी हात आखडला तर ५०० रुपये भरूनही खातं चालू राहतं. नुकतीच नोकरी सोडलेल्या, महिन्याचं उत्पन्न वरखाली होणाऱ्या माणसाला दहा वर्षं सक्तीने दीड लाख भरायला लावणारी वस्तू एफडी म्हणून विकली जाते, याचा मला राग येतो. अशी पत्रं मला सतत येतात आणि प्रत्येकात तेच शब्द असतात: बँकेतले ओळखीचे, एफडीसारखी, गॅरंटीड.

पण रागाच्या भरात पॉलिसी लगेच सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे मागू नका. दोन हप्ते भरून झाले आहेत, म्हणजे सरेंडर केली तर भरलेल्या ३ लाखांच्या किमान ३० टक्के, ९० हजार मिळायला हवेत. विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त असू शकतं. दुसरा रस्ता पेड-अपचा: पुढचे हप्ते भरायचे नाहीत, पॉलिसी कमी रकमेने चालू राहते आणि मुदत संपल्यावर ती कमी रक्कम मिळते. कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागा: आजचं सरेंडर मूल्य आणि पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम. ९० हजार पीपीएफच्या दराने तेरा-साडेतेरा वर्षांत सव्वादोन लाख होतात. तेव्हा पेड-अपची रक्कम सव्वादोन लाखांच्या वर असेल तर पॉलिसी पेड-अप करून विसरून जा. कमी असेल तर सरेंडर करा. सरेंडर मूल्य ९० हजारांहून जास्त आलं तर ही मर्यादाही त्याच प्रमाणात वर न्या.

तिसरा प्रश्न तुम्ही विचाराल: भरतच राहिलो तर? मागचे ३ लाख सोडून देऊन, पण आज सरेंडरला मिळू शकणारे ९० हजार पुढच्या आठ हप्त्यांत मिळवून फक्त इथून पुढचा हिशेब केला, तर परतावा साधारण ६.४ टक्के पडतो. पीपीएफपेक्षा कमी, पण साडेचारइतका वाईट नाही. एखाद्या स्थिर पगाराच्या माणसाला मी कदाचित म्हटलं असतं की सवयीसाठी चालू ठेवा. तुमच्याकडे मात्र महिन्याला साडेबारा हजार बाजूला पडत नाहीत, नाहीतर दुसराच हप्ता कार्डावर गेला नसता. तिसरा हप्ता चार महिन्यांवर आहे. तो भरायचा नाही. कार्डाला किंवा खात्याला ऑटो-डेबिट लावून दिलेला असेल तर आजच रद्द करा.

या चार महिन्यांत आणखी दोन गोष्टी उरकायच्या आहेत, आणि त्या इंटरनेटच्या कितीतरी आधी यायला हव्या होत्या. नोकरी सोडली तेव्हा कंपनीचा आरोग्य विमा गेला, त्यानंतर तुम्ही काहीच घेतलेलं नाही. चौघांना मिळून १० लाखांचं संरक्षण देणारी फ्लोटर पॉलिसी साधारण २५ ते ३० हजारांत येते. आणि तुमच्या जिवावर चाललेल्या घराला या पॉलिसीतला १५ लाखांचा विमा पुरत नाही, दीड वर्षाच्या उत्पन्नातच तो संपतो. साठीपर्यंतचा १ कोटीचा शुद्ध टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) तुमच्या वयाला, तंबाखूचं व्यसन नसेल तर, २० ते २५ हजारांत मिळावा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. दोन्ही मिळून वर्षाला ५० हजार, महिन्याला सव्वाचार हजार. कार्डाचे जे साडेसात हजार सुटणार आहेत, त्यातूनच हे भागतं. उरलेले सव्वातीन हजार दरमहा बँकेत साठवा, मोडलेली एफडी हळूहळू भरून निघेल. आधीचे आजार, तपासण्या, सगळं अर्जात खरं लिहा. टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका, नाहीतर मधल्या काळात काहीच संरक्षण उरणार नाही.

फसवून विकल्याची तक्रार करायची असेल तर जरूर करा, पण अपेक्षा बेताची ठेवा. पॉलिसी परत करण्याची सुरुवातीची फ्री-लूक मुदत कधीच उलटून गेली आहे. त्या मॅडमनी 'एफडीसारखी' असं व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये लिहिलेलं असेल तर तो पुरावा आहे, तोंडी बोलणं सिद्ध करणं अवघड जातं. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या किंवा मुंबईच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे जाता येतं. नाशिक कोणाच्या कक्षेत येतं ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. फी नाही, वकील लागत नाही. तक्रार निकाली निघेपर्यंत हप्ता भरत बसू नका.

कंपनीकडून ते दोन आकडे आले की तिसऱ्या हप्त्याच्या तारखेआधी मला पाठवा. पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत सोबत जोडा, म्हणजे पेड-अप की सरेंडर हे नक्की सांगता येईल.